शिकंज्याची चिठ्ठी

शुक्रवारी सकाळी दहाला दाभणने पुस्तक दाबून ठेवायच्या शिकंज्याचा दांडा फिरवून तो सैल केला, वरची फळी उचलली आणि वाकून बघितलं.

पुस्तक तिरकं बसलं होतं. काल सकाळी तिने ते दोन फळ्यांच्या मधोमध, पाठ बरोबर कडेबाहेर काढून, दोऱ्याएवढाही फरक पडणार नाही असं ठेवलं होतं. आता फळीची कड पुठ्ठ्यात रुतून चामड्यावर खोल वळ उठला होता. पाठ एका अंगाला कलली होती, जुन्या कुंपणासारखी. तिने पुठ्ठा उघडून पाहिला तर उघडेना. अस्तराच्या कागदाला लावलेली खळ ओली असते, ती पुढच्या पानाला धरू नये म्हणून मध्ये एक टिपकागद सरकवतात. तो टिपकागद टेबलाखाली, तिच्या चपलेजवळ पडला होता. आणि पहिलं पान पुठ्ठ्याला असं चिकटलं होतं की जन्मात सुटू नये.

"आई गं," ती एवढंच म्हणाली.

सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम संपायला एक दिवस उरला होता.

दाभण हे तिचं कॉलेजातलं नाव. बाइंडरची पोर, अंगाने काटकी, आणि बोलणं असं की गोणपाटातून पण आरपार जावं. छपाई आणि बांधणी शिकवणाऱ्या त्यांच्या कॉलेजने दरवर्षी सहा जणांना इथे पाठवायचा करार केला होता. बरोबर एक सर. इथे चार देशांतली बावीस पोरं होती आणि शेवटी त्यांतल्या एकाला वर्कशॉपमध्ये दोन वर्षं ठेवून घ्यायचे. राहणं-खाणं फुकट, वर हातखर्च, आणि शिकवायला खुद्द उस्ताद. उस्ताद म्हणजे वर्कशॉपच्या मुख्य बाई. पोरांनी आपापसांत ठेवलेलं नाव. साठीच्या पुढच्या, कमरेला करड्या रंगाचा एप्रन, आणि बोटं अशी की कागदाला हात लावून तो कुठल्या दिशेने वाकेल ते सांगायच्या.

दाभणला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे काय, ती तेवढ्यासाठीच आली होती. बाकीच्यांनी येताना खरेदीच्या याद्या आणल्या होत्या. हिने आणलं होतं बाबांचं हाडाचं पातं, ज्याने कागदाची घडी दाबतात. घरी परत गेलं की काय, तर प्रबंधांची बांधणी. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आज द्या उद्या न्या. त्यातही दादा आता दुकानाचा अर्धा भाग मोबाइलच्या कव्हरांना द्यायला निघाला होता. "पुस्तकं कोण बांधून घेतं आता? लोक वाचतात तरी का?" असं म्हणायचा तो, आणि बाबा खळीच्या भांड्यात ब्रश ढवळत गप्प बसायचे.

सहा आठवडे तिने मान वर केली नाही. इथली भाषा तिला शंभर-दीडशे शब्दांपलीकडे आली नाही, पण उस्ताद हाताने दाखवायच्या आणि ती हाताने उत्तर द्यायची, त्यात भाषेचं काही अडत नव्हतं. चौथ्या आठवड्यात तिने शिवलेली पाठ उस्तादांनी अख्ख्या वर्गात फिरवली होती. तेव्हापासून सगळ्यांना माहीत होतं जागा कोणाची ते. आणि ठरायचं होतं शेवटच्या पुस्तकावर. या पुस्तकावर.

उस्ताद आल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पुस्तकाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. आधी शिकंज्याला टांगलेली चिठ्ठी काढली.

या चिठ्ठीवर ते वर्कशॉप चालत होतं. शिकंज्यात काही ठेवलं की चिठ्ठी लिहायची: कोणी बंद केला, कधी केला, कधी उघडायचा. खाली एक जास्तीचा रकाना असायचा. वेळेआधी उघडलाच, तर कोणी आणि किती वाजता. कारण कोणी विचारत नसे. पुस्तक बिघडलं तर चालायचं, सगळ्यांचंच बिघडतं. चिठ्ठी मात्र खरी हवी, कारण कुठल्या कामाला किती वेळ मिळाला हे त्यावरून कळतं, आणि पुढचा माणूस त्या भरवशावर पुढचं काम करतो. उस्तादांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा सरांनी ते भाषांतर करताना म्हटलं होतं, "थोडक्यात, रजिस्टर वेळच्या वेळी भरत जा."

जास्तीच्या रकान्यात लिहिलेलं होतं: गुरुवार, चार वीस. पुढे दाभणचं नाव, आडनावासकट. आणि सही.

"मी नाही उघडला," दाभण म्हणाली. मग तिला आठवलं की हे कोणाला कळणार नाही. दारात सर उभे होते. ती ओरडली, "सर! सर, इकडे या. सांगा यांना, ही सही माझी नाही. काल चार वीसला मी इथे नव्हतेच. आम्ही सगळे हॉस्टेलच्या ऑफिसात चादरी परत द्यायला गेलो होतो."

सर आले. घाम आला होता त्यांना, वर्कशॉपमध्ये गारवा असूनही. "हो हो, सांगतो, सांगतो. तू शांत हो बघू."

ते चार वाक्यं बोलले. दाभण कान देऊन ऐकत होती. त्या चार वाक्यांत तिला एकच शब्द ओळखू आला, दोनदा आला, आणि तो इथे आल्यावर सगळ्यांनी सगळ्यात आधी शिकलेला शब्द होता. माफ करा.

"सर, माफी कशाची मागितली तुम्ही?"

"अगं, बोलायची रीत असते. आधी माफी, मग मुद्दा."

"मग मुद्दा सांगितला?"

"सांगितला ना! काय तू पण."

उस्तादांनी दाभणकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाहिलं ते असं, की एखादा चांगला कागद नळाखाली पडलेला दिसावा. मग त्या एकच शब्द बोलल्या, चिठ्ठी परत टांगली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, होतं असं. वाईट वाटून घेऊ नको," सर म्हणाले आणि त्यांना एकाएकी कुणाला तरी फोन करायचा आठवला.

दाभणला त्यांचा संशय आला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही आला. तिला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या पोरांनी जळून केलं असेल. आपला माणूस सोडून जगातला प्रत्येक माणूस तिला चोर दिसत होता. शाळेत आपल्याला एवढंच तर नीट शिकवतात.

दुपारी तीनला बाबांचा फोटो आला. म्हणजे बाबांनी पाठवलेला. कॉलेजने पालकांचा एक ग्रुप केला होता, त्यात सरांनी अहवालाचे फोटो टाकले होते आणि बाबांनी त्यातला एक उचलून लेकीला धाडला होता, खाली लिहून: "तुझं पुस्तक ना हे? सरांच्या हातात! ऊर भरून आला."

फोटोत सर होते. केस ओले करून विंचरलेले. दोन्ही हातांत पुस्तक, लग्नात आहेर स्वीकारावा तसं. मागे शिकंजा, आ वासलेला. त्याच्याही मागे भिंतीवरचं घड्याळ. चार वाजून एकवीस मिनिटं.

दाभणने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून टिपकागदाचं टोक लोंबत होतं. पडायच्या बेतात.

सर तिला हॉस्टेलच्या धुलाईखोलीत सापडले. एक मशीन घरघरत होतं आणि सर समोरच्या बाकड्यावर बसून त्याच्या गोल काचेत आपले शर्ट फिरताना बघत होते.

तिने फोन पुढे धरला.

सरांनी फोटो बघितला. आधी, खरं सांगायचं तर, त्यांना तो आवडलाच. मग त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, दोन मिनिटं. दोन मिनिटांत काय होतं?"

"पान चिकटतं, सर."

"प्राचार्यांचा फोन आला होता. म्हणाले, सहा आठवड्यांचे चारशे फोटो पाठवलेत, त्यात तुम्ही कुठे आहात? आता मी कुठे असणार? फोटो मीच काढत होतो! बावीस वर्षं झाली नोकरीला, पहिल्यांदा विमानात बसलो, आणि पुरावा काय, तर काही नाही. तुम्ही सगळे चादरी द्यायला गेलात. कोण काढणार फोटो? खळीच्या डब्याला टेकवून ठेवला फोन, टायमर लावला. पहिला फोटो निघाला, पुढचे काही केल्या निघेनात. तीनदा तर माझा नुसता गुडघा आला."

"म्हणजे दोन मिनिटं नाही."

"बरं, दहा. पंधरा म्हण."

"तीच वेळ होती सर, ओल सुटायची. आणि परत ठेवताना तुम्ही..." तिला शब्द सापडेना. "कणकेचा गोळा पण माणूस नीट ठेवतो."

"मला काय माहीत त्यात एवढं असतं!"

"तुम्ही बांधणी शिकवता, सर."

"मी इतिहास शिकवतो बांधणीचा," सर दुखावल्यासारखे म्हणाले. "प्रात्यक्षिक माझ्याकडे नाही."

मशीनने गिरकी घेतली, शर्ट धपाधप आपटले. दाभणने तो आवाज थांबायची वाट पाहिली.

"आणि सही?"

"सही काय?"

"माझी सही. तुम्ही केलीत."

"रकाना रिकामा होता," सर म्हणाले, जणू यावर अजून काही बोलायची गरजच नव्हती. "पुस्तक तुझं, मग नाव तुझंच टाकणार ना? माझं कसं टाकू? मी तुमच्या सगळ्यांच्या सह्या करतोच. सवयीने झाली. आणि एक विचारू? चार वर्षं तू आठवड्यातले दोन-दोन दिवस बापाच्या दुकानात बसायचीस. तुझी हजेरी कोण लावत होतं? तेव्हा नाही म्हणालीस, सर, ही सही माझी नाही!"

हे खरं होतं. खरं होतं म्हणून तिला कानफटात बसल्यासारखं झालं. परीक्षेला बसायला हजेरी लागायची, आणि ती तिच्याजवळ कधीच नव्हती. सर मस्टरवर सरसकट सह्या ठोकत जायचे, पोरं त्यांना मागून मस्टरमामा म्हणायची, आणि त्या मामाच्या जीवावर अर्धा वर्ग पास झाला होता. ही धरून.

"ती हजेरी होती," ती म्हणाली. "ही जागा आहे, सर. माझी. निवडीची यादी आज सहाला बंद होतेय. तुम्ही माझ्याबरोबर चला आणि उस्तादांना सांगा, मी उघडला होता म्हणून. एवढंच. मी पाया पडते तुमच्या."

"आणि करार?" सर हळू आवाजात म्हणाले. "अगं, चिठ्ठीच्या बाबतीत या बाई किती कडक आहेत तू बघतेस ना? बरोबर आलेल्या प्राध्यापकाने खोटी सही केली म्हटल्यावर पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजला दारात तरी उभं करतील का? सहा पोरं, दरवर्षी. त्यांच्या पोटावर पाय देणार तू? स्वतःच्या एका जागेसाठी? झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे. परत गेल्यावर मी प्राचार्यांशी बोलतो. तुला लॅबमध्ये चिकटवून घेऊ."

"लॅब असिस्टंट म्हणून."

"हंगामी. सुरुवातीला."

ती तिथून निघाली ती सरळ खोलीवर. खोलीत कलेक्टरीण सामान भरत होती. कलेक्टरीण म्हणजे तिची रूममेट. सहाही जणांना कोणी कुठे उभं राहायचं हे तीच सांगायची, म्हणून हे नाव. तिने बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत सगळं ऐकून घेतलं.

"सरांनी केलं? शी! काय माणूस आहे!" चेन लागली. मग ती बॅगेवरच बसली. "पण तू सांगू नकोस."

"का?"

"का काय? उन्हाळी अभ्यासक्रमाचे गुण कोण देणार आहे आपल्याला? उस्ताद नाही, सर. सहाही जणांचे. आणि माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी अर्ज भरतेय, तुला माहितीये."

"तू काल माझ्याबरोबर होतीस. चार वीसला. चादरी मोजत होतो आपण."

"होते ना."

"मग तेवढं तरी सांग."

"अगं, मला कोणी विचारलं तर सांगेन की," कलेक्टरीण म्हणाली आणि दुसरी बॅग ओढून घेतली. कोणी विचारणार नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

मग तिने बाबांना फोन लावला. बाबांनी आधी फोटोचं कौतुक केलं. मग तिने सगळं सांगितलं. मागून रेक्झिन कापल्याचा आवाज येत होता.

"चामड्यावर वळ किती खोल आहे?" त्यांनी विचारलं.

"नख जाईल एवढा."

"च्च." आणि मग, "बेटा, जाऊ दे. सरांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांनी आपल्याला सांभाळून घेतलंय. परक्या ठिकाणी आपल्याच माणसाला उघडं पाडायचं, बरं दिसत नाही ते. तुझ्या नशिबात असेल तर जागा कुठे जात नाही."

नशीब. सरस आणि खळ यांच्यानंतर बाबा सगळ्यात जास्त कशावर विसंबत असतील तर त्याच्यावर.

साडेपाचला ती वर्कशॉपच्या दाराशी उभी होती. हातात फोन, फोनमध्ये फोटो. दाराच्या काचेतून उस्ताद दिसत होत्या. धुतलेले ब्रश एकेक करून खिळ्यांना टांगत होत्या, केस खाली, मूठ वर. दार ढकललं की झालं. भाषासुद्धा लागत नव्हती. फोटो दाखवायचा आणि बोटाने घड्याळ दाखवायचं. लहान मुलाला जमेल.

तिच्या डोक्यात सर होते, हजेरी होती, कलेक्टरणीची बहीण होती, बाबांचं 'बरं दिसत नाही' होतं. चार वर्षांच्या सह्या होत्या. एवढी माणसं डोक्यात घेऊन दार ढकलायचं म्हणजे अख्खी वरात आत न्यायची. ती दहा मिनिटं उभी राहिली, मग पंधरा. उस्तादांनी शेवटचा ब्रश टांगला, एप्रनची गाठ सोडली, दिवा घालवला आणि आतल्या ऑफिसात गेल्या, जिथे ती यादी होती.

दाभण परत फिरली. स्वतःला शहाणी म्हणत फिरली, हे आणखी वाईट.

शनिवारी अकराला प्रमाणपत्रं होती. लांब टेबलावर बावीस पुस्तकं मांडली होती, प्रत्येकाखाली त्याची चिठ्ठी. दाभणचं पुस्तक शेवटी होतं. कोणी ते काढून टाकलं नव्हतं. तिथे चांगलं-वाईट सगळं मांडायचे. लोक यायचे, वाकडी पाठ बघायचे, चिठ्ठी वाचायचे, नाव वाचायचे, आणि मग हळूच मान वर करून ती कोण असेल ते शोधायचे.

जागा कोणालाच मिळाली नव्हती. या वर्षी रिकामी. ते ऐकून दाभणला वाटलं, एखाद्याला मिळाली असती तर त्याच्यावर जळायची तरी सोय झाली असती.

तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली. उस्तादांनी प्रमाणपत्र दिलं, तिचा हात हातात घेतला, बोटांकडे बघितलं आणि काल बोलल्या होत्या तोच एक शब्द बोलल्या. आज सर मध्ये नव्हते आणि शब्द दाभणला कळला. सहा आठवडे त्या भिंतीवर, शिकंज्याच्या वर, तो शब्द 'नको' जोडून लिहिलेला होता.

घाई.

घाई! तिची! जी पोर एकेका दोऱ्याला मेण लावताना जेवायला विसरायची!

काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आज डोक्यात कोणीच नव्हतं, सर नाहीत, बाबा नाहीत. नुसती तिडीक होती, टाळूपासून टाचेपर्यंत. तिने प्रमाणपत्र काखेत मारलं, फोन काढला आणि फोटो उस्तादांच्या नाकासमोर धरला.

उस्तादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुस्तक बघितलं. शिकंजा बघितला. घड्याळापाशी थांबल्या. मग टेबलाच्या टोकाशी जाऊन चिठ्ठी उचलली, वाचली, आणि सभागृहात सरांना शोधलं.

"सर," दाभण म्हणाली, "या इकडे. भाषांतर करा."

"अगं, समारंभ चालू आहे!"

"बरं झालं. सगळे आहेत."

सर उठले. टाय बांधला होता त्यांनी. दोन खुर्च्यांना अडखळत आले.

"सांगा त्यांना. शिकंजा मी उघडला, सही मी केली. तिने नाही. जसंच्या तसं सांगा सर, माफी मधेच घुसवू नका. मला तो शब्द येतो."

सर बोलायला लागले. हळू बोलले, खाली बघून, आणि बराच वेळ. दाभण प्रत्येक शब्द पकडायला टपली होती. तो शब्द आला, पण एकदाच आणि अगदी शेवटी.

उस्तादांनी सरांना काही म्हटलं नाही. दाभणकडे वळून एक प्रश्न विचारला.

"काय विचारलं?"

"काही नाही गं."

"सर!"

"विचारतायत..." सरांनी टाय ढिला केला. "विचारतायत, काल का नाही सांगितलंस. यादी सहाला गेली. साडेपाचला तू दाराशी उभी होतीस, त्यांनी काचेतून बघितलं होतं तुला. म्हणतायत, मी मुद्दाम ब्रश हळूहळू टांगत होते."

दाभणने काखेतलं प्रमाणपत्र सावरलं.

या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ मराठीतच नव्हतं, तर इथल्या भाषेत कुठून असणार? तिने सरांकडे बघितलं. मागे कलेक्टरीण बसली होती, तिच्याकडे बघितलं. ती प्रमाणपत्रावरचं स्वतःचं नाव वाचत होती. मग जे चार शब्द येत होते त्यांतले दोन दाभणने एकापुढे एक ठेवले. भीती. चूक.

उस्तादांनी मान डोलावली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, चिठ्ठीवरचं दाभणचं नाव खोडलं आणि सरांचं नाव, सरांनाच विचारून, अक्षर अक्षर लिहिलं. मग चिठ्ठी होती तिथे ठेवली. पुस्तकही होतं तिथेच राहिलं. यादी गेली ती गेली. ती वरच्या ऑफिसातून निघते, वर्कशॉपमधून नाही, असं त्यांनी सरांकरवी सांगितलं. आणखीही काहीतरी सांगितलं आणि ते बोलताना सरांच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं, हे नीट सांग म्हणून.

"जागेसाठी वैयक्तिक अर्ज करता येतो," सर भिंतीकडे बघत म्हणाले. "जानेवारीत. नवं पुस्तक बांधून टपालाने पाठवायचं. प्रवासाचा खर्च आपला."

"कॉलेजची सही लागते?"

सरांनी विचारलं. उत्तर ऐकलं. गिळलं.

"नाही लागत."

संध्याकाळी विमानतळाच्या बसमध्ये सर पुढच्या सीटवर एकटेच बसले. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं आणि दाभणशीही बोलत नव्हतं, त्यामुळे मधल्या एकाच ओळीत बाकीची मंडळी दाटीवाटीने बसली होती. शेवटी कलेक्टरणीलाच राहवलं नाही. ती मागे येऊन दाभणच्या शेजारी बसली.

"पण खरंच गं," ती म्हणाली, "काल साडेपाचला आत का नाही गेलीस? एवढा धडधडीत पुरावा हातात! मूर्खासारखी परत काय आलीस?"

दाभणने तिच्याकडे नुसतं बघितलं. बघितलं म्हणजे, दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. कलेक्टरीण म्हणाली, "काय? मी आपलं विचारलं," आणि पर्समधून च्युइंगम काढून तिच्यापुढे धरलं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"निघालात?"

"निघालो."

"सांगितलंस का गं मग कोणाला?"

"सांगितलं. आज."

"अरे वा. मग?"

"यादी काल बंद झाली, बाबा. जागा गेली."

मग त्यांचा आवाज चढला, जो एरवी गिऱ्हाइकावरसुद्धा चढत नसे. "मग कालच का नाही सांगितलंस? फोटो होता ना तुझ्याकडे? बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग?"

"बाबा, तुम्हीच म्हणालात, बरं दिसत नाही."

"मी म्हणालो म्हणून? तू काय कुक्कुलं बाळ आहेस? मी तिथे होतो का?"

दाभणने फोन कानापासून लांब धरला. बाबा बोलतच होते, त्या एवढ्याशा यंत्रातून त्यांचं रागावणं माशीसारखं गुणगुणत होतं. ते तिच्यावर रागावत नव्हते, एवढं तिला कळत होतं. पण ते कळून तिचा राग काही कमी झाला नाही. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"बाबा, आपला मोठा शिकंजा मला लागेल. आल्यापासून जानेवारीपर्यंत. त्यात दुसरं काही ठेवायचं नाही."

"आणि गिऱ्हाइकांचे प्रबंध?"

"धाकट्या शिकंज्यात."

"त्याच्या दांड्याचा आटा झिजलाय. दोन वर्षं झाली."

"मग आटा बदला."

"आटा बदला म्हणे. आणि तुझा दादा? तो उद्याच कव्हरांचं कपाट आणून लावतोय तिथे. मोठ्या शिकंज्याच्याच जागी. मी त्याला हो म्हणून बसलोय."

"उद्या किती वाजता?"

"दुपारी कधीतरी. का?"

"मी सकाळी पोचते," दाभण म्हणाली. "तोवर शिकंज्याला कोणाला हात लावू देऊ नका. तुम्ही पण लावू नका. आणि बाबा, या वेळी 'जाऊ दे' म्हणालात ना, तर मी विमानतळावरून घरी येणारच नाही."

पलीकडून रेक्झिन कापल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि बाबांनी दादाला हाक मारली.